भिंतीतला दिवा आणि खोडलेल्या सह्या

आमच्या आणि शेजारच्या खोलीच्या मधल्या भिंतीत एक भोक होते. ते मी मोजलेले आहे. नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. त्यात चाळीस वॅटचा एक दिवा टांगलेला असे. त्याचा अर्धा उजेड आमच्याकडे पडे, अर्धा पलीकडे. दिव्याभोवतीचे किडे खायला एक पाल येई. ती दोन्ही घरांची होती आणि तिचे नेमके घर कोणते, यावरून आमच्यात कधी भांडण झाले नाही.

कामरेजच्या रस्त्याला लागून मालकाने अशा वीस खोल्या एका ओळीत बांधल्या होत्या. वीस खोल्या, दहा दिवे. मालकाची संमती दोन खोल्यांमागे एका जोडणीपुरती होती. दर खोलीला वेगळी जोडणी झाली तर भाडेकरूच्या नावाचा कागद तयार होतो आणि मग भाडेकरू हलत नाही, अशी त्याची भीती. रस्त्यावर पुढेमागे आणखीही चाळी होत्या आणि सगळीकडे हीच पद्धत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट आहे. मला खानदेशातून सुरतेला येऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

मी एका विणकाम कारखान्यात फोल्डिंगला होतो. म्हणजे मागावरून उतरलेले कापड टेबलावर घड्या घालत मोजायचे, डाग किंवा तुटका धागा दिसला की तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची. माझ्या मापात वितीचाही फरक निघत नसे, म्हणून लोक मला मास्तर म्हणत. मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास असे. न मोजलेल्यावर तितका नसे. ही सवय पुढच्या सगळ्या प्रकाराला कारण झाली, म्हणून सांगितले.

पलीकडच्या खोलीत अक्का राहायची. तीही खानदेशातलीच, आमच्या तालुक्याच्या शेजारची. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची म्हातारी सासू. अक्का घरी बसून कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात धाग्याची जी लाकडी नळी बसते ती कांडी. शेडवाला, म्हणजे मागांच्या शेडचा मालक, धाग्याची खोकी आणि रिकाम्या कांड्या देऊन जाई आणि अक्का छोट्या चरख्यावर त्या भरून परत देई. दिवसभर दाराशी बसून भरायची. पण हिवाळ्यात सूर्य लवकर जातो आणि शेडवाल्याला माल तर तेवढाच लागतो, म्हणून संध्याकाळचे अडीच तास तिला दिव्याखाली बसावेच लागे. तिच्या कमाईचा तिसरा हिस्सा त्या अडीच तासांतला होता.

मीटर माझ्या नावावर होता आणि बटण आमच्या खोलीत. अक्काला उजेड हवा असला की ती रिकाम्या कांडीने भिंतीवर एकदा ठोकायची. मी किंवा माझी बायको बटण दाबायचो. साडेसहाला लावायचा आणि नऊला बंद करायचा, असे मी ठरवून दिले होते. चाळीस वॅटचा दिवा पंचवीस तास जळला की एक युनिट होते. रोज अडीच तास म्हणजे दहा दिवसांत एक, महिन्याला तीन. बिल दोघांत अर्धे अर्धे. इतका स्वच्छ हिशोब आसपास कुणाचा नव्हता.

आमची वीज शहरातल्यासारखी कंपनीची नव्हती. आसपासच्या गावांनी मिळून वीज सहकारी मंडळी काढली होती. तिकडे सहकारी सोसायटीला मंडळीच म्हणतात. मंडळी सरकारकडून वीज घाऊक घ्यायची आणि आपल्या खांबांवरून सभासदांना द्यायची. सभासद बहुतेक उसाचे शेतकरी, काही शेडवाले आणि शेवटी आम्ही खानदेशी चाळकरी. चेअरमन एक वयस्कर शेतकरी होते. त्यांना सगळे काका म्हणत.

त्या हिवाळ्यात मंडळीच्या कचेरीत सभेची नोटीस लागली. काकांनी गुजराती वर्तमानपत्र उलगडून वाचून दाखवले. विजेसंबंधी एक विधेयक विधानसभेपुढे आले होते आणि त्यात एक कलम असे, की एका जोडणीवर एकाच कुटुंबाला वीज मिळेल. दुसऱ्या कुटुंबाच्या खोलीत तिचा उजेड जात असेल तर तो बंद करायचा. म्हणजे भिंतीतली भोके विटांनी बुजवायची.

"अजवाळुं पण जप्त करशे?" आता उजेडही जप्त करणार का, असे एक शेतकरी म्हणाला. सगळे हसले.

दुसरा म्हणाला, "काका, आमां आपणे शुं? आपल्याला काय त्याचं? आपल्या विहिरीवर एक मोटार आणि एक शेत. भिंत नाही की भोक नाही."

काकांनी पेपराची घडी घातली. "तुझ्या मोटारीचं पाणी चैत्रात तुझ्या भावाच्या शेतात जातं ना? आज हे भिंतीतला दिवा बघायला येतील, उद्या तुझा पाट बघायला येतील. मंडळी आपली, खांब आपले. कोणाला किती द्यायचं ते आपण ठरवू."

त्या शेतकऱ्याने खुर्ची पुढे ओढली.

ठरले ते असे. दर सभासदाने आमदारांना एक पोस्टकार्ड टाकायचे. ज्या समितीपुढे विधेयक होते तिच्यात आमचे आमदार होते आणि लोकांचे म्हणणे ऐकायला ते पुढच्या रविवारी मंडळीच्या कचेरीत यायचे होते. तोवर चाळींतून सह्यांचा अर्ज तयार करायचा. ते काम काकांनी माझ्यावर टाकले.

"मास्तर मोजतील," काका म्हणाले. "मास्तरांच्या मापाला कोणी बोट लावणार नाही."

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा माझी बायको भोकाकडे बघत होती. पलीकडून चरख्याचा आवाज येत होता. अक्काला वेगळी जोडणी मिळणार नव्हती, कारण मालक संमती देणार नव्हता. भोक बुजले तर तिच्याकडे घासलेटची चिमणी. आणि चिमणीखाली भरलेल्या कांडीचे काय होते ते माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. काजळीचा कण रेशमी धाग्यावर बसला की तो विणताना दिसत नाही, पण फोल्डिंगच्या टेबलावर पांढऱ्या कापडात करड्या रेघेसारखा येतो. मी तिथे लाल खूण करतो. दोनदा खूण झाली की शेडवाला त्या घरी धागा देणे बंद करतो. अशा दोन घरांचा धागा माझ्याच खुणांमुळे बंद झालेला होता.

तेव्हा हा अर्ज मी कुणासाठी करत होतो, हे मला पूर्ण माहीत होते. तरीही पुढे जे केले ते केले.

पाच संध्याकाळी मी चाळींतून फिरलो. भिंतीत दिवा असलेल्या जोडण्या शहाऐंशी निघाल्या, म्हणजे खोल्या एकशे बहात्तर. एका खोलीला कुलूप होते. ती माणसे लग्नासाठी गावी गेली होती. सह्या आणि अंगठे मिळून एकशे एकाहत्तर झाले. अक्काने सही केली तेव्हा हात धुऊन, पुसून, मग पेन हातात घेतले. चौथीपर्यंत शिकलेली होती. तिच्या सहीला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मग मी यादी तपासायला बसलो. इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी फाट्यावर बस थांबावी म्हणून आमच्या लोकांनी एक अर्ज केला होता. उत्साहात एकेकाने तीनतीनदा अंगठे लावले. बसखात्याच्या साहेबाने ती यादी मोठ्याने वाचली आणि विचारले, "हा गृहस्थ एकाच वेळी तीन बसमध्ये बसणार आहे का?" मी तिथे उभा होतो. त्या दिवशी मी ठरवले होते की आपल्या हातून जाणाऱ्या कागदात एकही सही दुबार असणार नाही.

म्हणून मी नियम केला. एक जोडणी, एक सही. मंडळीच्या रजिस्टरात ज्याच्या नावावर मीटर आहे त्याची सही ठेवायची आणि त्याच दिव्याची दुसरी सही दुबार समजून खोडायची. लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन मी पंच्याऐंशी सह्या खोडल्या. शहाऐंशी उरल्या. शहाऐंशी जोडण्या, शहाऐंशी सह्या. बेरीज जुळली याचे मला समाधान वाटले. सगळी नावे उतरवून, लाल रेघांसकट, एक प्रत केली आणि गुरुवारी मूळ यादी काकांकडे दिली.

शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा अक्का भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन आमच्या दारात उभी होती. माझी प्रत खाटेवर पडलेली. तिने वाकून पाहिले. चौथीपर्यंतचे वाचन होते, पण स्वतःचे नाव शोधायला तेवढे पुरते.

"भाऊ, मनं नाव कोठे शे?"

मी लाल रेघ दाखवली. "जोडणी माझ्या नावावर आहे ना, अक्का. एक दिवा, एक सही. माझ्या सहीत तुमचं आलंच."

"मनं काय वनं त्यामा?"

"दिवा एकच आहे."

"दिवा एक शे," अक्का म्हणाली. "चुली दोन शेतस."

मी तिला बसच्या अर्जाची गोष्ट सांगितली. दुबार सह्या असल्या की साहेब कशी थट्टा करतो ते समजावले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग टोपली उचलून निघून गेली. चुलीजवळून माझी बायको म्हणाली, "कापड मोजता मोजता मानसं बी मोजाले लागनात तुम्ही."

"मोजायलाच सांगितलंय मला."

"मोजाले सांगं. फाडाले नही."

साडेसहा वाजले. भिंतीवर ठोका पडला नाही. मी घड्याळ पाहून बटण दाबले. दिवा लागला आणि पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. भोकाची पलीकडची बाजू एकदम बंद झाली. धाग्याचे खोके ज्या पुठ्ठ्याचे असते तो पुठ्ठा अक्काने भोकाला लावला होता.

"सही नही, ते उजेड बी नको!" पुठ्ठ्यामागून आवाज आला.

"अवं, पन माले दिखत नही ना," सासू म्हणाली.

"तुले तसं बी दिखत नही, माय."

माझी बायको हसू दाबत भाकरी थापत राहिली. मला हसू आले नाही. मी रागात होतो, कारण मी बरोबर होतो.

मग एक गोष्ट घडली. पुठ्ठ्याची आतली बाजू पांढरी होती. पलीकडे जाणारा सगळा उजेड उलटून आमच्या खोलीत आला. कोपऱ्यातली ट्रंक, तिच्यावरचे कुलूप, कुलपावरचा गंज, सगळे स्पष्ट दिसू लागले. बायकोने तांदळाचे सूप दारातून आत ओढले आणि बसल्या जागी खडे वेचू लागली.

"एवढा उजेड कधी नव्हता आपल्याकडे," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता.

चांगला उजेड आहे तर प्रत पुन्हा तपासावी, म्हणून मी कागद हातात घेतला. पहिले नाव वाचले. याच्या भिंतीतले भोक बुजले तर याच्या खोलीचे काय होईल? अशीच उजळ होईल. दुसरे नाव वाचले. याचीही अशीच. मी शहाऐंशी नावे वाचत गेलो आणि शेवटी माझे स्वतःचे आले. कायदा झाला तर या सर्वांचे मीटर राहणार होते, दिवे राहणार होते, आणि खोल्या पूर्वीपेक्षा उजळ होणार होत्या. ज्यांच्या घरात अंधार होणार ते सगळे लाल रेघेखाली होते. माझ्या यादीत तक्रार असलेला एकही माणूस उरला नव्हता.

बेरीज बरोबर होती, पण मी मोजले चुकीचे होते.

मग उठून मीटरपाशी गेलो. त्यातली चकती घड्याळ लावून मोजली: दहा मिनिटांत दहा वेढे. आकडा लिहून ठेवला. का लिहिला ते तेव्हा मला नीट सांगता आले नसते. हाताला काहीतरी काम हवे होते.

शनिवारी पाळी संपल्यावर मी थेट काकांच्या शेतावर गेलो. ऊसतोड चालू होती. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि डोक्याला हात लावला.

"मास्तर, तमे तो आखी गणतरी फेरवी नाखी! मी आमदारांना पत्र टाइप करून दिलंय, शहाऐंशी म्हणून."

"मूळ यादीत खोडलेल्या सह्या वाचता येतात," मी म्हणालो. "प्रत्येकीपुढे मी 'कायम' लिहून माझी सही करतो."

काकांनी मान हलवली. "नाही. तुम्ही खोडल्या आणि तुम्हीच उठवल्या, तर उद्या कोणी म्हणेल मास्तरांनीच केल्या. जेनी सही, ए ज करे. ज्याची सही, त्यानेच करायची."

त्यांचे म्हणणे मला पटले. मीही दुसऱ्याला हेच सांगितले असते. पण सभा उद्या सकाळी दहाला आणि पंच्याऐंशी घरे दोन मैलांच्या रस्त्यावर पसरलेली.

घरी आलो. दिवा लावला. पुठ्ठा तसाच होता. मी भोकाजवळ उभा राहून बोललो, कारण तिच्या दारात जाऊन बोलायचा धीर नव्हता.

"अक्का, चूक झाली. ज्यांचा दिवा राहणार त्यांची मी यादी केली, आणि ज्यांचा जाणार त्यांना खोडलं."

चरखा थांबला.

"कितला जन खोडात?"

"पंच्याऐंशी."

"सभा कितला वाजता शे?"

"दहाला. सह्या पुन्हा घ्याव्या लागतील. मला एकट्याला—"

पुठ्ठा बाजूला झाला आणि भोकातून अक्काचा चेहरा दिसला. इतकी वर्षे शेजारी राहून त्या भोकातून आम्ही एकमेकांकडे कधी पाहिले नव्हते; तशी रीतच नव्हती. तीही लगेच बाजूला झाली आणि आवाज तेवढा आला.

"सह्या मी लई येस. तुम्ही फक्त लिखा. खोडानं नही."

सह्या ती घेऊन येणार होती; मी रेघा मारून कोरे कागद तयार केले. त्याच संध्याकाळी, पुठ्ठा निघाल्यावर, मी चकती पुन्हा मोजली. दहा मिनिटांत दहा वेढे.

रविवारी उजाडताच अक्का आणि आमच्या ओळीतल्या तीन बायका कागद घेऊन रस्त्याने निघाल्या. मी कचेरीच्या पायरीवर बसून राहिलो. पावणेदहाला त्या परत आल्या. एक्केचाळीस सह्या झाल्या होत्या. पुढच्या चाळीतले बरेच जण सुट्टी म्हणून बमरोलीला नातेवाइकांकडे गेले होते. शेवटच्या कागदावर बेचाळिसावा अंगठा होता.

"हा कोणाचा?"

"मायना."

सासू अक्काच्याच चुलीवर जेवायची. एका घरच्या दोन सह्या. माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"भाऊ," अक्का म्हणाली.

मी पेन्सिल काढली आणि अंगठ्यापुढे लिहिले: 'याच घरातील वृद्ध. कुटुंबांच्या मोजणीत धरलेली नाही.' ती समोर उभी राहून बघत होती. खोडले नाही इतके पाहून ती आत गेली.

आमदार आले. त्यांच्याबरोबर वीजखात्याचे एक साहेब होते. काकांनी सर्वांपुढे पोंक ठेवला; आपल्याकडचा हुरडा, फक्त सोबत शेव. शेतकरी खुर्च्यांवर, चाळकरी सतरंजीवर, बायका दाराशी. साहेबांनी माझी पहिली यादी चाळली. ते हुशार होते. पाच मिनिटांत त्यांनी चष्मा काढला.

"हे सगळे खातेदार आहेत," ते म्हणाले. "कलम लागू झालं तरी यांचा दिवा राहतोच. मग तक्रार कोणाची आहे?"

काका माझ्याकडे बघू लागले. मी उभा राहिलो.

"साहेब बरोबर बोलतात," मी म्हणालो. "ती यादी मी केली आणि ती चुकली आहे. ज्यांचा दिवा जाईल अशी पंच्याऐंशी कुटुंबं आहेत. त्यांच्या सह्या दुबार समजून मीच खोडल्या. एक्केचाळीस आज सकाळी पुन्हा केलेल्या या इथे आहेत. चव्वेचाळीस लाल रेघेखाली वाचता येतात. दोष सह्या करणाऱ्यांचा नाही."

मागून कोणीतरी म्हणाले, "मास्तर अने भूल?" थोडा हशा झाला. मी खाली बसलो नाही.

साहेब म्हणाले, "ते असो. पण एका जोडणीवर दोन घरं म्हणजे अर्धी वीज फुकट वापरल्यासारखं नाही का?"

याचे उत्तर माझ्या खिशात होते. "भोक उघडं असताना चकती दहा मिनिटांत दहा वेढे फिरते. भोक पुठ्ठ्याने बंद असताना दहा मिनिटांत दहाच. दिवा चाळीस वॅटचा आहे, साहेब. पलीकडे कोणी बसलं आहे की नाही, ते त्याला कळत नाही."

"पुठ्ठ्याने बंद?" आमदारांनी विचारले. "तो कशाला लावला?"

मी दाराकडे पाहिले. दाराशी बायकांत खसखस पिकली आणि अक्का पुढे झाली. आमची अहिराणी गुजराती माणसाला निम्मीअधिक कळते, त्यामुळे कोणाला मध्ये बोलावे लागले नाही.

"पुठ्ठा मी लावा," ती म्हणाली. "सही खोडी म्हनीसन."

आता सगळेच हसले. आमदारही हसले. मग त्यांनी विचारले, "बेन, तुम्हाला उजेड हवा असला की काय करता?"

"भित ठोकस. भाऊ बटन दाबस."

"आणि बंद?"

"ते बी त्यासनाच हातमा. नऊ वाजनात का बंद." तिने माझ्याकडे पाहिले आणि जरा थांबली. "मानूस चांगला शे. घड्याय वाईट शे."

या वेळचा हशा थांबायला वेळ लागला. काकांच्या डोळ्यांत पाणी आले. माझी बायको दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती. आमदारांनी मात्र खिशातून डायरी काढली आणि लिहिले. काय लिहिले ते मला दिसले नाही. मग त्यांनी अक्काला कांड्यांविषयी विचारले आणि तिने चिमणी, काजळी, शेडवाला, सगळे थोडक्यात सांगितले. काजळीचा डाग कोण पकडतो, हे तिने सांगितले नाही. तिला ते माहीत होते.

नंतरचे काही महिने काहीच कळले नाही. पोस्टकार्डे गेली. काका दोनदा राजधानीला जाऊन आले, दुसऱ्यांदा तो पाटवाला शेतकरीही त्यांच्याबरोबर गेला. त्या काळात दर संध्याकाळी दिवा लावताना मी भोकाच्या कडा बघायचो. साडेचार विटांचे काम होते, अर्ध्या तासाचे.

पावसाळा संपता संपता काकांनी सभा बोलावली. विधेयक मंजूर झाले होते. कलम निघाले नव्हते, पण बदलले होते. जिथे सहकारी मंडळीची लाइन आहे तिथे दोन कुटुंबांत एक दिवा चालेल, मात्र दोन्ही कुटुंबांची नावे सभासद म्हणून रजिस्टरात हवीत. सभासद व्हायला मालकाची संमती लागत नव्हती; ती फक्त जोडणीला लागे. आम्ही जे मागितले होते ते सगळे मिळाले असे नाही. शेडवाल्यांनी याच निमित्ताने आपलीही एक मागणी पुढे केली होती, तिचे काहीच झाले नाही. हा बदल आमच्या अर्जामुळे झाला की आणखी कोणी असेच अर्ज केले होते, ते मला सांगता येणार नाही. मला माहीत आहे ते इतकेच, की रजिस्टरात पंच्याऐंशी नवी नावे चढली आणि ती माझ्याच हस्ताक्षरात आहेत. कुलूपवाल्या खोलीतली माणसे गावाहून परत आली होती, ती शहाऐंशीवी.

सभासद झाल्यावर आठ दिवसांत अक्काने मंडळीकडे अर्ज केला. स्वतः लिहिला, एका ओळीचा: दिव्याचे बटण दोन्ही घरांच्या हाताला येईल असे बसवावे. काकांनी तो सभेत वाचला.

"मास्तर, तमारुं शुं कहेवुं छे?"

मी म्हणालो, "माझी हरकत नाही." हे म्हणायला मला जितका वेळ लागायला हवा होता त्याहून थोडा जास्त लागला.

वायरमन आला. आमच्या भिंतीवरचे बटण काढून त्याने ते भोकातच, खालच्या कडेला मधोमध, लाकडी पट्टीवर बसवले. मी फूटपट्टी लावली. दोन्हीकडून सारखेच अंतर होते. जुन्या बटणाच्या जागी आमच्या भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला.

त्या संध्याकाळी मी कामावरून येऊन चहा घेत होतो. दार उघडे होते, समोरच्या उसावर अजून ऊन होते. भोकात बांगड्यांचा आवाज झाला, एक हात आला आणि बटण दाबून गेला. दिवा लागला. बाहेर इतका उजेड होता की दिवा लागलेला कळतही नव्हता.

मी घड्याळाकडे पाहिले. सहा वाजून पाच मिनिटे. पंचवीस मिनिटे आधी. रोज पंचवीस मिनिटे म्हणजे साठ दिवसांत पंचवीस तास, म्हणजे एक युनिट पूर्ण. मी तोंड उघडले. बायको माझ्याकडे बघत होती.

पलीकडे चरखा सुरू झाला होता. मी कप पुढे केला आणि आणखी अर्धा चहा मागितला.